सगळ्याच पेट्यांवर लाल चिठ्ठी

२ फेब्रुवारी, सोमवार

“या पोरीच्या हातात काचेचं काही देऊ नका गं.” हे वाक्य माझ्या आत्याचं. मी तेव्हा दुसरीत-तिसरीत असेन. कंदिलाची काच माझ्या हातून निसटली होती आणि घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. पुढे मी काचेच्याच कारखान्यात लागले, तेही पॅकिंग विभागात, आणि अर्धं आयुष्य बाटल्या, बरण्या, चंबू देशोदेशी रवाना केले. आत्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. म्हणायची, “कारखान्याचं नशीब!”

कारखाना गेल्या वर्षी बंद झाला. आज आमचं स्वतःचं काम सुरू झालं. लोकांचं फुटणारं सामान बांधायचं, नव्या जागी न्यायचं आणि उघडून लावून द्यायचं. आमचं म्हणजे माझं आणि सुताराचं. तो कारखान्यात लाकडी पेट्या बनवायचा. त्याला नावाने कुणी हाक मारत नाही, त्याची बायकोसुद्धा ‘अहो सुतार’ म्हणते. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरचं एक गॅरेज भाड्याने घेतलंय. सुताराने सकाळीच रंधा चालवायला घेतला. मी लाल चिठ्ठ्यांची गुंडाळी उघडली. लाल कागदावर पांढरा तडकलेला पेला आणि खाली इंग्रजीत ‘फ्रॅजाइल’. तो शब्द मी इतक्या वेळा चिकटवलाय की बोटांना पाठ झालाय.

पोटात भीती आहे का? आहे. पण हाताला नाही, आणि काम हातांनी करायचंय.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज आईला डॉक्टरांकडे नेलं. डिसेंबरात ती फुटपाथवर अडखळून पडली, मनगट मोडलं, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. हाड जुळलंय. पण तपासणीचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, “बोन्स फ्रॅजाइल आहेत. जपा.” माझ्याकडे बघून म्हणाले, आईकडे नाही.

आईने सगळा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं. टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, “फ्रॅजाइल आणि फ्रॅक्चर सख्खी भावंडं. दोघांचं मूळ एकच, मोडणे. एक मोडण्याआधी येतो, एक मोडल्यावर. फ्रेलसुद्धा त्याच घरातला, पण तो परक्या मुलखात वाढला, म्हणून चेहरा बदलला.”

“आई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?”

“ऐकलं की. तोच शब्द तुझ्या खोक्यांवर आहे. इंग्रज तो काचेला लावतात, हाडाला लावतात, दोन देशांमधल्या तहाला लावतात. आदल्या रात्री जास्त झाली असेल तर सकाळी स्वतःलाही लावून घेतात.”

टॅक्सीवाला आरशातून हसला. मला हसू आलं नाही. मी मनात ठरवत होते, आणि घरी येईपर्यंत ठरलंसुद्धा. आई आता कायमची माझ्याकडेच राहणार. तिचं घर दोन रस्ते पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमच्याकडे लिफ्ट आहे. महिनाअखेरीला तिचं घर रिकामं करायचं आणि भाड्याने द्यायचं. बांधाबांध मीच करेन, घरची पॅकर असताना दुसऱ्याला कशाला बोलवायचं?

आईला सांगितलं. ती म्हणाली, “बघू.”

आईचं ‘बघू’ म्हणजे होच असतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

घर आता मनासारखं झालं. सगळे गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकले. टेबलांच्या कोपऱ्यांना फोम लावला, कारखान्यात आरशांना लावायचो तसाच. चहाची किटली आईने उचलायची नाही, पातेली तर नाहीच. जिना बंद, लिफ्टनेच जायचं आणि तेही कुणी सोबत असेल तर. शेजारच्या वहिनींना, पेपरवाल्याला, खालच्या वॉचमनला, सगळ्यांना सांगून ठेवलंय की आईची हाडं नाजूक आहेत. वॉचमन इतका भला की तो आता आईशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलतो.

“माझं मनगट मोडलं होतं, कान नाहीत,” आई त्याला म्हणाली.

हा रात्री जेवताना टेबलाच्या फोमवरून हात फिरवत म्हणाला, “आता आईंना बबल पेपरमध्ये गुंडाळायचंच काय ते राहिलंय.” हा म्हणजे माझा नवरा. नकाशे काढतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट वरून दिसते आणि जवळून काही दिसत नाही.

“जपणं जास्त झालं म्हणून आजवर कुणाचं काही बिघडलंय का?” मी विचारलं.

“जावईबापू, मीठ द्या इकडे,” आई म्हणाली. “तेवढं उचलायची परवानगी आहे मला.”

म्हणजे रुळतेय. थट्टा सुरू झाली की माणूस रुळला म्हणायचं. बॅग मात्र अजून रिकामी केलेली नाही तिने, लागतील तसे कपडे काढते आणि धुऊन परत तिच्यात घालते. पहिल्यापासून टापटिपीची.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चिठ्ठीवर मराठी शब्दही असावा असं माझ्या मनात आलं. संध्याकाळच्या चहाला सुतार वर आला होता, तेव्हा विषय काढला. ‘नाजूक’ कसं वाटतं?

“नाजूक काय, लग्नाच्या बोलणीत मुलीला म्हणतात,” सुतार म्हणाला.

“मग ठिसूळ?”

“ठिसूळ वाचलं की उचलणारा म्हणणार, हे मोडलं तर माझा काय दोष, मुळातच ठिसूळ होतं.”

हा म्हणाला, “तकलादू.”

“ते तू बनवलेल्या शेल्फला ठेव,” मी म्हटलं. बाथरूममधलं शेल्फ याने ठोकलं होतं, ते टूथब्रशच्या वजनाने खाली आलं.

आईने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, “आपल्याकडे प्रत्येक मोडणाऱ्या वस्तूला वेगळा शब्द आहे. फूल नाजूक, हाड ठिसूळ, खुर्ची तकलादू, बाहुली कचकड्याची, माणूस लेचापेचा. म्हणजे आपण आधी वस्तू बघतो, मग शब्द उचलतो. इंग्रजीत एकच चिठ्ठी सगळ्यांना चालते.”

“तेच तर सोयीचं!” मी म्हटलं. आई माझ्याकडे बघून नुसतीच हसली. शेवटी इंग्रजीच ठेवायचं ठरलं.

एक तक्रार मात्र आज सुताराला तोंडावर केली. आईच्या सपातांच्या तळव्यांना लाकडाचा भुसा लागलेला असतो. रोज. म्हटलं, “तुम्ही वर येताना पाय झटकत नाही आणि सगळा भुसा आमच्या घरात आणता. आईचा पाय घसरला म्हणजे?”

सुताराने आईकडे पाहिलं. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

“चुकलं, ताई,” सुतार म्हणाला. “उद्यापासून झटकून येतो.”

गुणी माणूस आहे. एका शब्दाने उलटून बोलला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारी मोठं काम मिळालं! जुन्या कॉलेजची रसायनाची प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायची आहे. अर्धं सामान उद्या, अर्धं रविवारी. प्रयोगशाळेच्या बाई कडक आहेत. काचेच्या एका मोठ्या गोल चंबूजवळ मला घेऊन गेल्या. त्याला हंसासारखी लांब मान आहे. “असा चंबू आता कुणी फुंकून बनवत नाही,” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, “निश्चिंत राहा.” खोटा आव नव्हता. खरंच वाटलं तसं.

बांधणी बघण्यासारखी झाली. चंबूला सुताराने खास पेटी केली, आत मानेसाठी लाकडी खोबण, भोवती कापूस. पुस्तकं, लोखंडी स्टँड, स्टुलं, पाट्या, सगळं वेगवेगळं बांधलं. चिठ्ठ्या लावायला बसले तेव्हा बोटं आपोआप चालत होती.

घरात एकच कुरबूर. आई हल्ली आंघोळ फार लांबवते. पूर्वी सकाळी दूध यायच्या आत हिची आंघोळ आटपलेली असायची. आता संध्याकाळी, हा कामावरून येऊन बूट काढतो, तेव्हा ही टॉवेल घेऊन उठते. आज बोलले, “अगं, दिवसभर पारोशी काय बसतेस?” तर म्हणाली, “घाई कशाला? कुठे शाळेत जायचंय?” म्हातारपणी आळस येतोच. बोलायला नको होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चंबू फुटला.

लिहून टाकलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

गाडी नव्या इमारतीत पोचली. मी पुढे जाऊन मांडण्या बघत होते, सुतार मागे राहिलेलं सामान आणायला गेला होता. हमाल गाडी भरताना-उतरवताना पेट्या जागा बघून रचत होते. मी परत येऊन पाहते तर चंबूची पेटी सगळ्यात खाली आणि तिच्यावर लोखंडी स्टँडांच्या दोन पेट्या. फळी आत दबली होती. पेटी उघडायच्या आधीच कळलं, काच फुटल्यावर आतून एक बारीक किणकिण येते, ती मी कुठेही ओळखेन.

मी हमालांच्या मुकादमावर ओरडले. “चिठ्ठी दिसत नाही का? लाल! एवढी मोठी!”

“दिसते ना ताई,” तो म्हणाला. त्याचाही आवाज चढला होता. “खालच्या पेटीवर आहे, वरच्या पेटीवर आहे, स्टुलांवर आहे. पहिली पेटी आम्ही दोघांनी तान्हं मूल उचलावं तशी नेली. आत काय निघालं? पुस्तकं! मग आम्ही म्हटलं, ताईंना सवयच आहे चिठ्ठ्या लावायची.”

कारखान्यात प्रत्येक खोक्यावर लाल चिठ्ठी लावायचो, कारण प्रत्येक खोक्यात काचच असायची. तिथे दुसरं काही नव्हतंच. तोच हात मी इथे आणला. पुस्तकांवर लावली, लोखंडावर लावली, पाट्यांवर लावली.

बाईंनी मानेचा तुकडा हातात घेतला, नीट पुसला आणि रुमालात ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “रविवारचं करणार आहात का? विचार करून सांगा.”

१८ फेब्रुवारी, बुधवार

गॅरेज उघडलं नाही. आईने दुपारी विचारलं, “किती पेट्यांवर चिठ्ठी होती?”

“सगळ्या.”

“पुस्तकांवरही?”

“हो गं बाई, पुस्तकांवरही.”

“बरं,” म्हणाली आणि पेपर वाचायला लागली. त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते समजलं नाही. टोमणा तरी मारायचा, आमच्या घरात टोमणा मारला की सांत्वन झालं असं धरतात.

संध्याकाळी बाईंना फोन करून रविवारचं काम करते म्हणून कळवलं. सोडून दिलं असतं तर पुन्हा काचेला हात लावता आला नसता.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज आईच्या घरी बांधाबांधीची सुरुवात करायची होती. आई म्हणाली, “मी येते. कुठे काय आहे ते तुला सापडायचं नाही.” मी म्हटलं, “जिना आहे.” ती म्हणाली, “जिना कुठे पळून गेला नाही, ठाऊक आहे मला.” सुतार मदतीला होता, म्हटलं, दोघं मिळून उचलून नेऊ.

खालच्या पायरीशी मी तिचा दंड धरला. तिने हात अलगद सोडवून घेतला, कठड्यावर ठेवला आणि चढायला लागली. एक मजला. वळणावर थांबली, दम घेतला. दुसरा मजला. किल्ली तिनेच लावली, मोडलेल्या मनगटाने.

मी सुताराकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

“तुम्हाला माहीत होतं?”

“रोज दुपारी तुम्ही गिऱ्हाइकांकडे गेलात की बाई जिन्याने खाली येतात, गॅरेजमध्ये,” तो म्हणाला. “थोडा वेळ बसतात. मग परत चढून जातात. मी मागे असतो, दोन पायऱ्या सोडून.”

म्हणजे तो भुसा. आणि मी त्याला पाय झटकायला लावले!

मला राग आला, रडू आलं आणि सगळ्यात जास्त लाज वाटली. राग दाखवायला सोपा, म्हणून चिठ्ठ्यांची गुंडाळी काढली आणि समोरच्या कपाटातलं सामान खोक्यात भरून चिठ्ठ्या लावायला लागले. डबे, चादरी, शब्दकोश. आई खुर्चीत बसून बघत होती.

“शब्दकोश पडला तर काय होईल?” तिने विचारलं.

मी थांबले.

“जमिनीला लागेल,” आईच म्हणाली. “या घरात काय फुटतं ते मला माहीत आहे. तू मला विचारलंच नाहीस. डॉक्टरांना विचारलंस, वॉचमनला सांगितलंस.”

सुतार ‘पाणी बघतो’ म्हणून आत गेला आणि आतच राहिला.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. “बरं, आता विचारते. काय फुटतं तुझं?”

मला वाटलं टाळेल. आईने मनगट चोळलं. मग म्हणाली, “बाथरूम.”

“काय बाथरूम?”

“जिना नाही, रस्ता नाही, किटली तर नाहीच नाही. बाथरूम. साबणाच्या पाण्यात पाय पडला की वाटतं, गेले आता. धरायला काही नसतं. भिंत गुळगुळीत. म्हणून तुझा नवरा आल्यावर मी आंघोळीला जाते. तू त्या वेळी बहुतेक गॅरेजात असतेस. तो बाहेर पेपर वाचतो, त्याच्या खाकरण्याचा आवाज येतो. बास, तेवढं पुरतं.”

आणि मी तिला पारोशी म्हटलं होतं.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू मला पातेलं उचलू देत नव्हतीस गं. बाथरूमचं सांगितलं असतं तर मला पुसून कपाटात ठेवलं असतंस. वर लाल चिठ्ठी लावून.”

मी हसले. आईही हसली. मग मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या मांडीला माझ्या डोक्याचं वजन सहज पेललं. मी आधी जरा अंग चोरूनच टेकले होते.

“मला माझ्या घरी राहायचंय,” ती म्हणाली. “‘बघू’ म्हटलं तेव्हा मला तेच म्हणायचं होतं.”

खोकी पुन्हा रिकामी केली. डबे डब्यांच्या जागी, शब्दकोश उशाशी.

२२ फेब्रुवारी, रविवार

प्रयोगशाळेचं उरलेलं अर्धं काम झालं. आख्ख्या गाडीत लाल चिठ्ठ्या तीनच. त्या तीन पेट्या कोणत्या, आत काय आहे आणि कुठे धरलं तर फुटेल, हे मी गाडी भरायच्या आधी मुकादमाला पेट्या उघडून दाखवलं. त्याने मान डोलावली आणि बाकीच्यांना बजावलं, “या तीन ताईंच्या लेकी. बाकी सगळे दगडधोंडे.” बाकीच्या पेट्या त्यांनी खरोखरच दगडधोंड्यांसारख्या आदळल्या. एक स्टूल लंगडं झालं. चालायचंच.

काच सगळी पोचली. प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, “ठीक.” चंबूबद्दल बोलल्या नाहीत. मीही नाही. तो फुटला तो फुटलाच. पण निघताना त्यांनी ग्रंथालयाच्या बाईंचा नंबर दिला, त्यांच्याकडे जुन्या काचेच्या तसबिरी आहेत म्हणे. आता जमेल हे काम. मनापासून वाटतंय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मी आणि याने भांडून घेतलं. आई परत जाणार हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मला माहीत होतं.”

“तुलाही? म्हणजे या घरात मी एकटीच आंधळी?”

“आईंनी सांगितलं नाही. पण बॅग बघत होतो ना मी.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “मी संध्याकाळी मुद्दाम मोठ्याने खाकरायचो. मला वाटलं त्यांना बरं वाटत असेल.”

जवळून काही दिसत नाही, असं मी याच्याबद्दल लिहिलंय. खोडत नाही, राहू दे. पण हे त्याच्याखाली वाचावं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सुताराने आईच्या बाथरूममध्ये दोन दांडे बसवले. एक नळाजवळ, एक दाराजवळ. सागवानाचे, मुठीत बसतील असे गोल. खाली रबराची चटई. आईने कपड्यांनिशी आत जाऊन धरून बघितलं, एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या. “अंमळ खाली हवा होता,” म्हणाली. सुताराने निमूटपणे काढून पुन्हा बसवला.

मग त्याने दाराच्या आतल्या कडीकडे बोट केलं. “बाई, ही काढून टाकू का? म्हणजे काही झालं तर बाहेरून…”

“हात लावाल तर बघा,” आई म्हणाली. “जन्मभर कडी लावून आंघोळ केली. उघड्या दाराने आंघोळ करायला मी काय घोडा आहे?”

सुताराने पेचकस खिशात घातला. मीही काही बोलले नाही. मला वाटतं, गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी बोलायचं टाळलं. आईने ते बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळ. आई बॅग घेऊन दारात खुर्चीवर बसली आहे. बॅग बांधायची नव्हतीच. हा तिला सोडायला येणार आहे, पण चपला सापडत नाहीत म्हणून घरभर फिरतोय. तेवढ्यात हे लिहून घेते.

मी खंबीर आहे. तिला काही होणार नाही असं माझं मन सांगतंय, आणि मन नसतं सांगत तेव्हा सागवानाचे दांडे सांगतात. मी रोज जाणार नाही. गेले तर विचारून जाईन. जिना सावकाश चढ म्हणणार नाही, उकळतं पाणी उचलू नकोस म्हणणार नाही, अंधार पडायच्या आत घरी ये म्हणणार नाही. सगळं गिळून टाकलंय. एकच गोष्ट घशाशी अडली आहे, ती तिच्या दाराशी पोचल्यावर, हा बॅग घेऊन पुढे गेला की बोलणार आहे. ती काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. भुवया चढतील, घोड्याचा उल्लेख होईल, आणि नाही म्हणेल. तरी विचारणारच.

आई, तेवढी आतली कडी लावू नकोस.